गिझर बसला, पण हवेचा हिशेब कोणाकडे?

जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर सोमाटणे फाट्याच्या दोन्ही बाजूंना गेल्या दीड-दोन दशकांत घरे झपाट्याने वाढली. भातखाचरांशेजारी सात-आठ मजली इमारती उभ्या राहिल्या. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी कुटुंबे इथे राहायला आली. या घरांमध्ये एक उपकरण हमखास दिसते : न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा खिडकीजवळ टांगलेला गॅसचा गिझर. मावळात त्याला सबळ कारण आहे. थंडीतल्या पहाटे इथे पाणी गार पडते, पावसाळ्यात वीज जाते, आणि गच्चीवरचे सौर बंब आभाळ भरले की हात टेकतात. वायुगिझरला यातले काहीच आडवे येत नाही. नळ सोडला की ज्योत पेटते आणि काही सेकंदांत गरम पाणी येते.

मात्र दर हिवाळ्यात राज्यात कुठे ना कुठे त्याच उपकरणाची दुसरी बातमी छापून येते. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला पंधरा वर्षांची एक मुलगी आंघोळीला गेली ती बेशुद्धावस्थेतच सापडली आणि उपचारांदरम्यान दगावली. अशा बातम्यांचा साचा ठरून गेला आहे. दार आतून बंद, बराच वेळ उत्तर नाही, दार तोडले, ‘गुदमरून मृत्यू’. दोन दिवस चर्चा होते, ‘गॅसचा गिझर धोकादायक असतो’ असे म्हटले जाते आणि विषय संपतो. वास्तविक हा अपघात का होतो हे विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तो टाळायचा कसा, हेही ठाऊक आहे. प्रश्न एवढाच उरतो, की आपल्याकडे ते पाहण्याचे काम कोणाचे?

बंबाला धुराडे होते

गरम पाण्याचे आपले जुने साधन म्हणजे तांब्याचा बंब. त्याच्या पोटातून मधोमध एक नळकांडे वर जाई. खाली कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, आणि धूर नळकांड्यातून बाहेर. बंब बहुधा परसात, पडवीत किंवा मोकळ्या न्हाणीत असे. पाणी तापले की ते बादलीत काढून आत न्यायचे. जाळ एका जागी आणि आंघोळ दुसऱ्या जागी, अशी ही रचना होती. शिवाय धूर डोळ्यांत जाई, खोकला येई. काही बिघडले तर ते कळायला उपकरण लागत नसे.

गॅसच्या गिझरने दोन गोष्टी बदलल्या. जाळ आणि आंघोळ एकाच बंद खोलीत आले, आणि जाळाची ओळख पटवणारा धूर नाहीसा झाला. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. पण तो वास देणारे द्रव्य ज्योतीत जळून जाते. ज्योतीतून जे बाहेर पडते त्याला वास नसतो. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, आणि ज्वलन अपुरे असेल तर कार्बन मोनॉक्साइड. शेवटच्या वायूला रंग नाही, चव नाही, डोळे चुरचुरत नाहीत. म्हणून ‘आम्हाला गॅसचा वास आला नाही’ या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही.

पाच मिनिटांचे गणित

ज्योतीला हवा किती लागते याचा अंदाज घरबसल्या करता येतो. मिनिटाला सहा लिटर पाणी सुमारे पंचवीस अंशांनी तापवणारा गिझर दहा किलोवॅटहून अधिक उष्णता पाण्याला देतो. स्वयंपाकघरातील शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पूर्ण पेटवल्यासारखे हे आहे. वाया जाणारी उष्णता धरून असा गिझर ताशी जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला पंधरा-सोळा किलो हवा लागते, म्हणजे सुमारे १३ घनमीटर.

आता न्हाणीघर पाहू. पाच फूट रुंद, सात फूट लांब, आठ फूट उंच. आत हवा मावते जेमतेम ८ घनमीटर. ज्योत हवेतला सगळा ऑक्सिजन संपेपर्यंत नीट जळत राहत नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्वलन बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढू लागतो. काही गिझरांमध्ये ऑक्सिजनचा संवेदक असतो, तो याच सुमारास गॅस तोडतो. दार-खिडकी घट्ट बंद असेल आणि गिझर सलग चालू असेल, तर वरच्या हिशेबाने ही पातळी येण्यास पाचेक मिनिटे पुरतात.

प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येते, त्यामुळे बहुतेक वेळा काही होत नाही. नेमकी हीच गोष्ट फसवी आहे. ‘पाच वर्षे वापरतोय, काही झाले नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांच्या घरात रोज थोडी हवा शिल्लक राहत आलेली असते. पाहुणे आले, एकामागून एक चौघांच्या आंघोळी झाल्या, थंडी म्हणून खिडकी लावली, दाराखाली फटीला रबराची पट्टी बसवली, की ती शिल्लक संपते. वाईट हवा पहिल्याच्या आंघोळीपासून साठत येते आणि धोका शेवटी आत जाणाऱ्याला असतो.

रक्तात होणारी अदलाबदल

रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागी जाऊन बसतो आणि त्याची पकड ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट असते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. खाणीतल्या स्फोटांनंतर मजूर कशाने मरतात, हे त्यांना शोधायचे होते. खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेण्याची प्रथा रूढ झाली ती त्यांच्याच सल्ल्याने. लहान जीव आधी कोसळतो आणि माणसांना निघायला वेळ मिळतो, हे त्यामागचे तत्त्व.

दोनशे पटींचा अर्थ साध्या हिशेबात असा : हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक भाग असला, तरी पुरेसा वेळ तिथे राहिल्यास निम्मे हिमोग्लोबिन त्या वायूच्या ताब्यात जाते. शिवाय उरलेले हिमोग्लोबिनही आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहज सोडत नाही. मेंदू आणि हृदय यांना ही टंचाई सर्वांत आधी जाणवते.

सुरुवातीची लक्षणे मामुली वाटतात. डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, पायांत त्राण नसल्यासारखे वाटणे. गरम वाफेने असे होत असेल, उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून असेल, पित्त असेल, असे आपण समजतो. वायूचे प्रमाण जास्त असेल तर विचार करण्याची ताकद आधी जाते. दोन पावलांवरची कडी काढायला हवी हे कळते, पण हात उचलत नाही. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी आंघोळीच्या वेळी अचानक झटके येऊन पडलेल्या रुग्णांच्या नोंदी केल्या आहेत आणि वैद्यकीय लेखांत ‘गॅस गिझर सिंड्रोम’ हे नावही आले आहे. यातल्या काहींना आधी फेफरे समजून औषधे सुरू झाली होती. म्हणून न्हाणीघरात कोणी चक्कर येऊन किंवा झटका येऊन पडले, तर डॉक्टरांना ‘घरात गॅसचा गिझर आहे’ हे वाक्य आधी सांगायला हवे.

आणखी एक सावधगिरी. करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे चुकीचा दिलासा देतो. त्याच्या प्रकाशाला ऑक्सिजन धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन जवळपास सारखेच दिसते. रुग्ण गंभीर असतानाही आकडा ९८ येऊ शकतो. खरे प्रमाण रक्ताच्या विशिष्ट तपासणीतच कळते. उपचार मात्र तपासणीसाठी थांबत नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. शुद्धीवर आल्यावरही प्रकरण संपतेच असे नाही. काही रुग्णांत दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणे, स्वभावात बदल अशी लक्षणे दिसतात. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका असतो.

मावळची हवा, इमारतीचा डक्ट

गिझरचे अपघात हिवाळ्यातले मानले जातात. मावळात हा समज अपुरा आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सोमाटणे-तळेगावकडे येताना तो खूप कमी होत जातो, पण जून ते सप्टेंबर झड, वारा आणि ओल असतेच. पाणी आत येते म्हणून खिडक्या बंद, डास येतात म्हणून जाळीवर प्लास्टिक, कपडे वाळत नाहीत म्हणून घरभर दोऱ्या. याच दिवसांत सौर बंब बंद पडलेला असतो आणि सगळा भार गॅसवर येतो. म्हणजे सर्वांत जास्त वापर आणि सर्वांत कमी हवा, हे दोन्ही इथे वर्षात दोनदा एकत्र येतात.

दुसरी गोष्ट इमारतींच्या रचनेची. फ्लॅटमधल्या न्हाणीघराची खिडकी बहुधा थेट बाहेर उघडत नाही, ती उघडते सांडपाण्याचे पाइप असलेल्या अरुंद डक्टमध्ये. खालच्या चार घरांचे गिझर त्याच डक्टमध्ये आपली जळकी हवा सोडत असतील, तर वरच्या घराची खिडकी उघडी असणे म्हणजे ताजी हवा मिळणे नव्हे. काही ठिकाणी डक्टचे वरचे तोंड पावसाचे पाणी नको म्हणून पत्र्याने झाकलेले असते. हा पत्रा सोसायटीच्या खर्चाच्या वहीत ‘दुरुस्ती’ म्हणून नोंदला जातो. त्याने इमारतीचे धुराडे बंद झाले आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’ हे उत्तरही अर्धवटच. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दाराला खाली झरोका नसेल तर पंखा खोलीत हवेचा दाब कमी करतो, आणि गिझरला धुराडे असेल तर बाहेर जाणारी जळकी हवा त्याच वाटेने परत आत ओढतो. पंख्याचा उपयोग व्हायचा असेल तर दाराच्या खालच्या भागात कायम उघडी राहणारी जाळी हवी.

सिलिंडर गेला, पाइप आला

या भागात आणखी एक बदल चालू आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि त्यांना लागून असलेले हिंजवडी, चाकण, तळेगाव या क्षेत्रात घरगुती पाइप गॅस देण्याचे काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी करते. गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून ती २००६ मध्ये स्थापन केली. पाइपचा गॅस सोयीचा आहे, सिलिंडर संपण्याची चिंता नाही. पण तो वेगळा वायू आहे, हे अनेकांना माहीत नसते.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. एलपीजी हवेहून जड, गळला तर जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हवेहून हलका, छताकडे जातो. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत पाइप गॅसच्या अडीचपटीहून अधिक उष्णता असते आणि दोन्हींचा पुरवठ्याचा दाबही वेगळा असतो. त्यामुळे बर्नरचा जेट, म्हणजे गॅस जिथून सुटतो ते बारीक छिद्र, दोन्हींसाठी वेगवेगळ्या मापाचे लागते. पाइपच्या गॅससाठी छिद्र मोठे असते. असा गिझर पुढे गावी नेऊन सिलिंडरला जोडला, तर गरजेपेक्षा फार जास्त गॅस सुटतो, ज्योत पिवळी आणि लांब होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. उलट केले तर ज्योत अशक्त राहते आणि पाणी तापत नाही. मग कोणी तरी सुईने छिद्र मोठे करतो. हे काम सुईचे नाही. त्या गिझरसाठी कंपनीने दिलेला जेटच बदलावा लागतो, आणि काही मॉडेलांत ते शक्यच नसते.

मेलबर्नच्या घरातली भट्टी

सोमाटणे-तळेगावच्या अनेक घरांतली मुले आता परदेशात आहेत आणि आईवडील सहा-सहा महिने तिकडे जातात. मेलबर्नला जून-जुलैत गेलेल्यांनी जमिनीतल्या किंवा छतातल्या जाळ्यांतून येणारी उबदार हवा अनुभवली असेल. तिथे घराबाहेर, माळ्यावर किंवा फरशीखाली गॅसची एक भट्टी असते. तिच्या आत धातूची पोकळ कोठी असते. कोठीच्या आतून ज्योतीची जळकी हवा धुराड्याकडे जाते, बाहेरून घरातली हवा पंख्याने फिरते आणि तापून नळ्यांवाटे खोल्याखोल्यांत पोहोचते. दोन्ही हवा एकमेकींना कधी भेटत नाहीत, एवढ्यावर सगळी सुरक्षितता उभी आहे. वर्षानुवर्षे तापून-निवून कोठीला तडा गेला किंवा धुराडे तुंबले, तर हाच पंखा विषारी वायू झोपायच्या खोल्यांत नेतो. म्हणून तिथे गाळणी धुणे, हवा परत ओढणाऱ्या जाळीसमोर सामान न ठेवणे आणि दर दोन वर्षांनी परवानाधारक गॅस-फिटरकडून भट्टी तपासून घेणे ही घर चालवण्यातली नेहमीची कामे मानली जातात.

व्हिक्टोरिया राज्याने हे सहज शिकले नाही. मे २०१० मध्ये शेपर्टनजवळ एका भाड्याच्या घरात दोन लहान भाऊ गॅस हीटरमधल्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच गेले. २०१७ मध्ये मेलबर्नच्या एका उपनगरात सरकारी घरात राहणाऱ्या महिलेचा तसाच मृत्यू झाला. त्या चौकशीत एक बाब ठळकपणे पुढे आली : घराच्या फटी बंद केलेल्या होत्या आणि एक्झॉस्ट पंख्यांनी हीटरचा धूर उलटा आत ओढला होता. आपण वर पाहिलेलेच हे कारण. अशा मृत्यूंनंतर चौकशा झाल्या, शिफारशी आल्या आणि नियम बदलले. मार्च २०२१ पासून तिथे भाड्याने दिलेल्या घरातील गॅसची उपकरणे दर दोन वर्षांनी परवानाधारक माणसाकडून तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक झाले.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार न्हाणीघरात गॅसचे उपकरण बसवायचेच असेल तर ते पूर्ण बंदिस्त हवे. म्हणजे ज्योतीसाठी हवा नळीने बाहेरून येते, धूर नळीने बाहेर जातो आणि खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, जिथे टोरांटो परिसरात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, २०१४ पासून गॅसची उपकरणे असलेल्या घरात झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावणे सक्तीचे आहे.

या तिन्ही ठिकाणी उपकरणे आपल्यापेक्षा महाग आणि गुंतागुंतीची आहेत, तरी मुख्य फरक यंत्राच्या दर्जात नाही. तिथे प्रत्येक ज्योतीमागे कोणाचे तरी नाव लिहिलेले असते : कोणी बसवली, कोणी तपासली, कधी तपासली.

आपल्याकडे नाव कोणाचे?

सोमाटण्यातल्या एखाद्या फ्लॅटमधल्या गिझरचा प्रवास पाहा. तो दुकानातून किंवा ऑनलाइन विकत घेतला जातो. विक्रेता हमीपत्र देतो, पण तो कुठे बसणार हे विचारत नाही. बसवतो प्लंबर. तो पाण्याची जोडणी उत्तम करतो, धुराड्याची नळी ‘जागा नाही’ म्हणून खोक्यातच राहते. गॅस वितरक सिलिंडर, रेग्युलेटर, रबरी नळी आणि शेगडी पाहतो. पाइप गॅसची कंपनी मीटर आणि आपली वाहिनी पाहते. बांधकाम व्यावसायिकाने खिडकी नकाशाप्रमाणे ठेवलेली असते. नकाशा मंजूर करणारी यंत्रणा खिडकीचे माप पाहते, तिच्यासमोर पुढे कोणते उपकरण टांगले जाणार याच्याशी तिचा संबंध नसतो. प्रत्येकाने आपापले काम केलेले असते. ज्योतीला हवा येते कुठून आणि धूर जातो कुठे, एवढा एक प्रश्न कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो. मग तो येतो शेवटी आंघोळीला गेलेल्या माणसाच्या वाट्याला.

भारतीय मानक ब्युरोचे या गिझरसाठी स्वतंत्र मानक आहे. तरीही मानक उपकरणाचे असते, खोलीचे नाही. चांगल्यातला चांगला गिझर बंद खोलीत वाईटच वागणार. म्हणून बंदीची मागणी करण्याआधी तीन साध्या गोष्टी मागायला हव्यात. एक, गिझर विकताना तो प्रशिक्षित माणसानेच बसवावा आणि धुराडे व हवेची वाट तपासल्याचा सहीचा कागद घरात राहावा. दोन, गॅस वितरक किंवा पाइप कंपनीची माणसे सुरक्षा तपासणीला येतातच, त्या यादीत ‘गिझर कुठे आहे, धूर कुठे जातो’ या दोन रकान्यांची भर पडावी. तीन, भाड्याच्या घरात ही जबाबदारी मालकाची असावी. सोमाटणे-तळेगावात भाडेकरू कामगार आणि विद्यार्थी खूप आहेत. आधीच भिंतीवर असलेला गिझर ते वापरतात आणि त्याची पूर्वपीठिका त्यांना माहीत नसते. सोसायट्यांना तर कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीची वार्षिक देखभाल होते, त्याच ठरावात सगळ्या घरांचे गिझर आणि डक्टचे तोंड घेता येईल.

घरी काय करावे

गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा कोरड्या बाल्कनीत बसवावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. बंबाच्या काळातली ही व्यवस्था आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची आहे. मात्र ती बाल्कनी पुढे काचेने बंद केली, तर तीही न्हाणीघरच होते.

गिझर आत असेल आणि लगेच हलवणे शक्य नसेल, तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, दोन मिनिटे हवा खेळू द्यावी आणि मग आंघोळीला जावे. शॉवर चालू ठेवून आत गिझर जळत ठेवणे टाळावे. दोन आंघोळींच्या मध्ये दार उघडे राहावे. आतली कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. लहान मुले, गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले आणि वृद्ध यांच्यासाठी पाणी बादलीतच द्यावे.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, नाचरी ज्योत, गिझरच्या वरच्या बाजूला काळे डाग, भिंतीवर जास्तीचे पाणी जमणे ही ज्वलन बिघडल्याची चिन्हे. अशा वेळी गिझर बंद करून मेकॅनिकला बोलवावे. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, गिझर उघडून साफ करून घ्यावा. बर्नरमध्ये धूळ आणि कोळ्याची जाळी बसतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत तांब्याच्या नळीत क्षार साठतात, तर बाहेरून पंख्यांमध्ये काजळी अडकते आणि धुराची वाट अरुंद होते. पाणी कमी तापू लागले म्हणून गॅसचा खटका वाढवत राहणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. सिलिंडरची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, तडे दिसले तर त्याआधीच.

कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा बाजारात मिळतो. घेताना नाव नीट वाचावे. एलपीजीची गळती ओळखणारा भोंगा वेगळा, तो हा वायू ओळखत नाही. परदेशात मुलांकडे गेलेल्या आईवडिलांनीही पहिल्या दिवशी विचारून घ्यावे, की भोंगा कुठे आहे, तो वाजला तर काय करायचे आणि भट्टीची तपासणी शेवटची कधी झाली.

कोणी आत उत्तर देत नसेल तर वेळ न दवडता दार उघडावे किंवा तोडावे. श्वास रोखून आत जावे, गिझर बंद करून माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणावे. आत थांबून शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न करू नये, कारण वाचवायला गेलेला दुसराही कोसळतो. श्वास चालत नसेल तर बाहेर आणल्यावर छाती दाबण्याचे प्रथमोपचार सुरू करावेत. १०८ ला फोन करून ‘गॅस गिझर’ हे शब्द सांगावेत, म्हणजे ऑक्सिजन तयार राहील. माणूस शुद्धीवर आला, चहा प्यायला, तरी रुग्णालयात न्यावेच.

गॅसचा गिझर मावळातल्या घरांतून लवकर जाणार नाही, आणि जायलाच हवा असेही नाही. वीज अखंड मिळू लागेल, सौर बंबाला पावसाळ्यात साथ देणारी साधने स्वस्त होतील, तेव्हा त्याची गरज आपोआप कमी होईल. व्हिक्टोरियात तर जानेवारी २०२४ पासून नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना गॅसची जोडणीच दिली जात नाही. आपल्याकडे तो दिवस दूर आहे. तोवर भिंतीवर टांगलेल्या प्रत्येक गिझरखाली उभे राहून एकदा वर पाहावे आणि विचारावे : हिला हवा कुठून येते, धूर कुठे जातो? बोट दाखवून उत्तर देता आले नाही, तर तो गिझर आज बंद ठेवलेला बरा.